बेलेनचा उरलेला जबाब

नानाय बेलेनचा (नानाय म्हणजे आई, सगळे तिला तसंच म्हणतात) मुलगा आर्नेल पोलिसांच्या गोळीने मेला, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती हे सांगतच आली आहे: वार्ताहरांना, आयोगाच्या लोकांना, परदेशी संशोधकांना. शेवटी आमच्या संस्थेने ठरवलं, एकदाच नीट जबाब घ्यायचा आणि तोच सगळ्यांनी वापरायचा. लिहून घेण्याचं काम माझ्याकडे आलं.

नावोतास शहरातल्या चर्चमागच्या खोलीत पंखा गरम वारा फेकत होता. वकीलबाई, अटर्नी कियाम्बाओ, कागद त्याच दिवशी कोर्टात पाठवणार होत्या.

"मला बाहेर ढकललं," बेलेन म्हणाली. "आत गोळ्या वाजल्या. त्याला उचलून नेताना पायातली चप्पल गळून पडली. पिवळी. ती मी छातीशी धरली."

मी लिहिता लिहिता थांबले. चप्पल चारिंगच्या मुलाची होती; तोही असाच मारला गेला होता. गेल्या वर्षी संस्थेने अशा मुलं गमावलेल्या आयांचं नाटक बसवलं. स्वतःचं दुःख स्वतःच्या तोंडून झेपत नाही, म्हणून प्रत्येकीने दुसरीची गोष्ट सांगायची. बेलेनकडे चारिंगची आली. त्यानंतर बायकांना झोप लागू लागली. पद्धत चांगलीच होती.

अटर्नींनीही नाटक पाहिलं होतं. "नानाय, चप्पल चारिंगच्या मुलाची ना?"

"बाजारात सगळ्या पिवळ्याच मिळतात, अटर्नी," बेलेन हसली. मग हसू मावळलं. "आर्नेलच्या पायात काय होतं, मला आठवत नाही."

"समोरचा वकील एवढंच धरेल आणि सगळंच पाठ केलेलं आहे म्हणेल. तुम्ही स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगा."

"तुम्हीच शिकवायचं, तुम्हीच विसरायला सांगायचं! बरी आहे तुमची शाळा."

ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. आता प्रत्येक वाक्याशी अडखळत होती. गोळ्यांपाशी येऊन थांबली.

"आधी तो ओरडला होता. 'नानाय, दार उघड.'" तिने माझ्याकडे पाहिलं. "का हेही दुसऱ्या कुणाचं? पोरी, तू सांग."

अख्ख्या नाटकात ती हाक एकाच जागी होती: बेलेनच्या गोष्टीत, दुसरीच्या तोंडी. पण साक्षीदाराला काही सुचवायचं नाही, हा आमचा पहिला नियम. अटर्नी माझ्याकडेच बघत होत्या.

"मला सांगता येणार नाही, नानाय."

"मग काढून टाक."

मी ओळ खोडली. जबाब अर्ध्या पानाचा झाला. "आता टिकेल," अटर्नी म्हणाल्या. बेलेनने सही केली आणि त्या कागद घेऊन गेल्या.

आम्ही दोघीच उरल्यावर मी म्हणाले, "ती हाक तुमचीच होती, नानाय. आर्नेलचीच."

ती खुर्चीतून उठली नाही. तिने तळव्यांनी तोंड पुसलं.

"असू दे," ती म्हणाली. "अटर्नींना हे बोलू नकोस. परत सगळं सांगायला बसवतील."