कपाटाची भातुकली

आई गेल्यावर तिच्या खाटेजवळचं कपाट कुणाला द्यायचं यावर घरात दोन महिने खल चालला. शेवटी लेकीनेच तोड काढली. कपाटाची भातुकली करायची. तिच्या चार वर्षांच्या टिचकीला खेळायला ओटा हवाच होता. शिवाय कपाट डोळ्यांसमोर राहिलं असतं, पण त्याच्याकडे बघून दर वेळी आजारपण आठवलं नसतं.

तीन रविवार ती करवत घेऊन त्याला भिडली होती. वरच्या फळीला गोल भोक पाडून त्यात स्टीलचा वाडगा बसवला. ते झालं बेसिन. बरण्यांची चार झाकणं चिकटवून शेगडी केली, तिला जुन्या रेडिओची बटणं लावली. वरचा खण काढून टाकला. खालच्या कप्प्याचं दार म्हणजे ओव्हन. आज सकाळी पळ्या टांगायला मागच्या फळीवर दणादण खिळे ठोकले आणि काम संपलं.

"सुतारीणबाई, अंगठा शाबूत आहे ना?" नवऱ्याने वर्तमानपत्राआडून विचारलं.

"आहे. तू चष्मा शोध आधी, डोक्यावर आहे."

"वाटाणे शिजले!" टिचकीने आरोळी ठोकली आणि बशी बाबांपुढे धरली.

भातुकलीचा एक कायदा होता, आजीने घालून दिलेला. ताट पुढे आलं की पाहुण्याने मिटक्या मारायच्या आणि म्हणायचं, 'खाल्लं, पोट भरलं.' नको म्हटलं की आचारीण रडते. बाबांनी मान वर न करता मिटक्या मारल्या, "खाल्लं, पोट भरलं." मग बशी आईकडे आली.

बशीत फिकट पिवळ्या गोळ्या होत्या. मधोमध रेघ असलेल्या.

तिच्या आईच्या, म्हणजे आजीच्या, हृदयाच्या गोळ्या. आठ महिने, दिवसातून दोनदा, तिने स्वतः आईच्या तळहातावर ठेवलेल्या. प्रत्येक वेळी कॅलेंडरवर बरोबरची खूण केलेली. एकही खूण चुकलेली नव्हती.

"टिचकी, या कुठून आल्या?"

"ओव्हनमध्ये पडल्या. तू ठोकत होतीस ना, तेव्हा."

ती गुडघ्यांवर बसली. खण काढलेल्या जागी, मागच्या दोन फळ्यांच्या फटीत, अजून एक पिवळी गोळी अडकून बसली होती.

"तू खाल्लीस यातली?"

"हो!"

"खरंखरं, की खोटं खोटं?"

टिचकीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा रडायच्या बेतात होता. तिने घाईने कायदा पाळला. "खाल्लं, पोट भरलं."

"किती?"

"खूप!"

बशीत अकरा होत्या. पडल्या किती होत्या, हे सांगू शकणारं माणूस तीन महिन्यांपूर्वीच गेलं होतं.

गाडीत ती मागे बसली, टिचकीला मांडीवर घेऊन, मानेवरच्या शिरेवर बोट ठेवून. शीर उडत होती. जोरात, की हळू? तिला काही कळेना. टिचकीने जांभई दिली.

"झोपू नकोस. ए, झोपायचं नाही."

"पण दुपार आहे ना?"

"आज नाही झोपायचं." नवऱ्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याचे कान लालभडक झाले होते.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी गोळी उजेडात धरली. "हिने ठोके मंदावतात. एवढ्याशा जिवाला दोनही फार झाल्या."

टिचकीच्या छातीला वायरी लागल्या. पडद्यावर आकडा उमटला, एकशे दोन. मग नव्याण्णव. मग सत्त्याण्णव. प्रत्येक आकड्यासरशी आईला वाटे, पायाखालची एकेक पायरी कुणीतरी काढून घेतंय.

"खाल्लीस का गं बाळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

डॉक्टरांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढली. "कशी खाल्लीस? दाखव बघू मला."

टिचकीने गोळी तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला, मान मागे टाकून गिळला. मग आ केला. जीभ वर, जीभ खाली. तोंड रिकामं. नवरा भिंतीला टेकला.

डॉक्टर मात्र पाठ वळवून कागद चाळू लागल्या. तेवढ्यात टिचकीने गालात बोट घातलं, पेपरमिंट बाहेर काढली आणि गादी आणि लोखंडी कठडा यांच्या फटीत सारली. इतक्या सफाईने, की तिची आईही बघत राहिली.

"अस्सं!" डॉक्टर वळल्या. "हे कुणी शिकवलं?"

"आजीने. आजी रोज अशीच खायची. मग आई कॅलेंडरवर बरोबर करायची."

"आणि मघाची कुठाय?"

टिचकीने फ्रॉकच्या खिशातून एक ओली, अर्धवट विरघळलेली पिवळी गोळी काढून दिली. "एकच. कडू होती."

डॉक्टरांनी ती हातात घेऊन पाहिली. "आता जिवात जीव येऊ द्या. तरी संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू."

अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. आकडा तिथेच राहिला.

"आजी का नाही खायची गं?" आईने हळूच विचारलं.

"तिला चक्कर यायची. पण नको म्हटलं की आई रडते ना. म्हणून खाल्लं म्हणायचं." टिचकीने हे अगदी सहज सांगितलं.

दारात आईने डॉक्टरांना गाठलं. "माझ्या आईने त्या घेतल्या असत्या, तर..."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "ते आता कुणालाच सांगता यायचं नाही."

दिवेलागणीला ते घरी आले. नवऱ्याने आधी ती फट टॉर्चने तपासली, सुरीने खरवडली आणि वर पट्टी ठोकली. टिचकीने ओट्यावरून रिकामी बशी आणून आईपुढे धरली.

"जेव."

सवयीने मिटकी ओठांपर्यंत आली होती. तिने ती तिथेच थांबवली.

"नको, टिचकी. आज मला भूक नाही."

बोलून झाल्यावर ती भीतभीतच त्या चिमुकल्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. खालचा ओठ जरासा पुढे आला. थरथरला.

"बरं," टिचकी म्हणाली, "मग झाकून ठेवते." तिने बशीवर बशी पालथी घातली, ओव्हनमध्ये ठेवली आणि दार लावून घेतलं.