खुनी आमचा आशील

ह्यांच्या एका वकीलमित्राची खुनाची कादंबरी हातोहात खपली आणि बाररूममधल्या झाडून सगळ्यांच्या अंगात लेखक संचारला. आमचे हे तरी मागे कसे राहतील? गुडघ्यांनी कोर्ट सोडायला लावल्यापासून खिडकीशी सुन्न बसून असायचे. लिहायला लागले आणि पुन्हा रोज दाढी करू लागले. म्हणून मीही घरभरच्या कागदांबद्दल तोंडाला कुलूप लावलं.

पण संपादकबाईंचा फोन आला. "वकीलसाहेब, लिहिलंय झकास. पण शेवटी पाचही संशयित निर्दोष सुटतात! खुनी पकडा, नाहीतर पुस्तक निघणार नाही."

जन्मभर आरोपी सोडवलेला माणूस. लिहितानाही हात तिकडेच वळला.

"अहो, पण खून केला कुणी?" मी विचारलं.

"ते सांगता येणार नाही."

"का?"

"आशील आहे तो. विश्वासाने बोललाय माझ्याशी."

"तुम्हीच जन्माला घातलाय ना मेल्याला?"

"म्हणून काय झालं? वकील तो वकील."

मी कपाळावर हात मारून घेतला. हे पुन्हा त्या खिडकीशी बसणार, या विचाराने मला रडूच यायला लागलं.

मग आठवलं. आशील निर्दोष असला की हे कोर्टातून येऊन चवीने जेवायचे. त्यानेच केलेलं असलं, की अर्ध्या पानावरून उठून बूट पुसत बसायचे.

रात्री वाढता वाढता मी सहज विषय काढला. "तो भाचा लबाड वाटतो हो." ह्यांनी भात कालवला. "आणि माळी?" आणखी भाजी घेतली. बहीण झाली, भागीदार झाला, हे आपले जेवताहेत.

"डॉक्टर मात्र सज्जन."

हे उठले आणि कपाटाखालून बूट ओढले.

"डॉक्टर!" मी ओरडले.

"ऑब्जेक्शन!" हातात फडकं तसंच. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुला माझ्या सगळ्याच खटल्यांचं ठाऊक होतं?"

"सगळ्याच."

"आणि कधी बोलली नाहीस कुणाला?"

"कशी बोलणार? तुम्ही माझे आशील ना!"

ह्यांचे डोळे भरून आले. माझेही.

शेवटच्या प्रकरणात आता वकिलाची बायकोच बुटांवरून डॉक्टरला पकडते. वकील अवाक्षर काढत नाही. पुस्तक निघालं, दुसरं चालू आहे. यंदाचा खुनी मला कळू नये म्हणून ह्यांनी बूटच भंगारात घातलेत. बिचाऱ्यांना वाटतं, मला फक्त बूटच वाचता येतात.