गळ्याखालचं दुखणं

नुसती सर्दी होती तोवर भिंगरीने तिला काडीचीही किंमत दिली नव्हती. नाक गळतंय, गळू दे. पण दोन दिवसांत ती सर्दी छातीत उतरली. चाचणीच्या दिवशी सकाळी उठली तेव्हा अंग चांगलंच तापलं होतं आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाताना मध्ये एकदा भिंत धरावी लागली. ज्या बाईला अग्निशमन केंद्रात सगळे भिंगरी म्हणतात, कारण जिना दिसला की तिचे पाय आधी पळतात आणि डोकं मागून येतं, तिला सपाट फरशीवर भिंत धरावी लागली. हे तिने कोणाला सांगितलं नाही.

सांगायची गरजही पडली नाही. सासूबाईंनी चहाचा कप हातात देताना तिच्या मनगटाला बोट लावलं आणि झालं.

"ताप आहे," त्या म्हणाल्या.

"कणकण आहे."

"कणकण मला येते. तुला ताप आहे."

नवरा शिलाईच्या मशीनपाशी बसला होता. तो शिंपी; सकाळपासून ओठांत टाचण्या धरलेल्या असतात म्हणून बोलणंही मोजकं. त्याने टाचण्या काढून ठेवल्या, तेव्हाच भिंगरीच्या लक्षात आलं की आता प्रकरण वाढणार.

"आज घरी राहा," तो म्हणाला. "चाचणी पुढच्या वेळी दे."

"आज नाही जमायचं."

"ताप आज आहे, तर आजच राहावं लागेल ना."

"मी जाणार आहे," भिंगरी म्हणाली. "आणि चढणार आहे. वाद नको."

"सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही," सासूबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. आग विझवायला जाणाऱ्या सुनेला ही म्हण त्यांनी इतक्या वेळा ऐकवली होती की आता त्यातला विनोद दोघींनाही जाणवत नव्हता.

हट्टीपणा तर होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण आजचा हट्ट स्वतःसाठी नव्हता. आत शिरणारे नेहमी जोडीने शिरतात. आणि वर्षाची चाचणीही जोडीनेच द्यायची, ज्याच्याबरोबर खऱ्या आगीत जाता त्याच्याचबरोबर. एक गैरहजर तर दोघं गैरहजर. एक नापास तर दोघं नापास. नापास जोडी बंबावरून खाली, पुढची चाचणी होईपर्यंत. भिंगरीचं काय, ती तोवर वाट पाहील. पण तिचा जोडीदार होता कासव, आणि कासवाच्या निवृत्तीला पुढच्या चाचणीइतकेसुद्धा महिने उरले नव्हते. आज बंबावरून उतरला की तो कायमचा उतरला. मग उरलेले दिवस भांडारात बसून गमबूट पुसायचे.

"मला बंबावरून थेट घरी जायचंय," कासव म्हणाला होता. "भांडारातून नाही." असं काही मागणारा तो माणूस नव्हता. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे एवढंच मागितलं होतं, आणि तेही मागितलं असं तिला वाटू न देता.

याच कासवाने तिला अगदी सुरुवातीला एक नियम शिकवला होता. "दुखणं गळ्याच्या वर असेल तर पळ. गळ्याच्या खाली उतरलं तर झोप." नाक गळतंय, शिंका येतायत, तर थोडी कवायत केलीस म्हणून मरत नाहीस. छाती भरली, ताप चढला, अंग मोडून आलं, तर मुकाट्याने अंथरूण धर. सोपा नियम. शेंबड्या पोरालाही कळेल असा. भिंगरीला तो तोंडपाठ होता आणि म्हणूनच ती त्या सकाळी आरशासमोर उभी राहून त्याच्याशी वकिली करत होती. खोकला म्हणजे नेमका गळाच की. तो वर धरायचा की खाली? ताप तर सगळ्या अंगात असतो, म्हणजे डोक्यातही असतो, आणि डोकं गळ्याच्या वर आहे. एवढं शहाणपण करून झाल्यावर तिने तापाची गोळी घेतली. केंद्रावर पोचेपर्यंत अंग गार पडलं. तिला वाटलं, चला, गेला. गोळीने ताप उतरतो, दुखणं उतरत नाही, हे बाकी कोणाच्याही बाबतीत तिने छातीठोकपणे सांगितलं असतं.

केंद्राच्या अंगणात सरावाचा मनोरा होता. काँक्रीटचा, काळपट, आत एकावर एक जिने. चाचणीच्या दिवशी त्यात खोटा धूर सोडत. जोडीने पाठीवर हवेचे सिलिंडर आणि तोंडावर मास्क चढवून, आपला हातही दिसत नाही अशा धुरातून माथ्यापर्यंत जायचं आणि तिथे ठेवलेला वाळूचा बाहुला खाली आणायचा. त्या बाहुल्याला सगळे जावईबापू म्हणत. वजनाला भारी, स्वतः हलायचं नाही, आणि जरा कुठे आपटला की साहेब नाराज.

कासव आधीच तयार होऊन बसला होता. त्याचं अंग रुंद, गुडघे कुरकुरणारे, चाल अशी की पाहणाऱ्याला जांभई यावी. पण त्याला मध्ये थांबलेलं कोणी पाहिलं नव्हतं. भिंगरी पुढे पळायची, तो मागून यायचा, आणि माथ्यावर दोघं बरोबरच पोचायची. असं कसं होतं, हे केंद्रात कोणालाच उलगडलं नव्हतं.

"आवाज बसलाय तुझा," तो म्हणाला.

"सकाळी सासूबाईंशी बोलले."

"बरी आहेस ना?"

"ठणठणीत, दादा."

त्याने मान हलवली आणि दोरीचं एक टोक तिच्या पट्ट्याला अडकवलं, दुसरं आपल्या. धुरात दिसत नाही आणि मास्कमधून बोललेलं कळत नाही, म्हणून बोलायचं ते दोरीने. एक हिसका म्हणजे, ठीक आहेस का. उत्तराला एक हिसका म्हणजे, ठीक आहे, चल. दोन म्हणजे मागे फिर. केंद्रात चेष्टामस्करी सगळ्या गोष्टींची चालत असे, साहेबांच्या टकलाचीही, पण दोरीवर थट्टा नाही. आणि दोन हिसके आले तर का म्हणून विचारायचं नाही.

दोघं आत शिरली. पहिला जिना भिंगरी नेहमीसारखी चढली. दुसऱ्यावर तिला वाटलं, सिलिंडर कोणीतरी बदलला असावा, इतका जड नसतो. तिसऱ्यावर खोकला आला. मास्कमध्ये खोकणं म्हणजे आपल्याच तोंडावर आपणच उशी दाबणं. तिने कठडा धरला, खोकला गिळला आणि पाय उचलला. चढणार म्हटलं म्हणजे चढणार. दातावर दात रोवून ती आणखी एक जिना चढली.

मग छातीत काहीतरी विचित्र झालं. ठोके धावत होते, ते तर तिला सवयीचं होतं. पण आता ते धावता धावता अडखळायला लागले. एक ठोका यायचाच नाही, आणि मग दोन एकदम यायचे. डाव्या बाजूला कळ आली आणि गेली नाही. ती उभी राहिली. जावईबापू एकच मजला वर होते.

पट्ट्याला एक हिसका बसला. मागून कासव विचारत होता.

भिंगरीने दोरी हातात घेतली. एक हिसका द्यायचा आणि चढायचं. एकच मजला आहे. खाली उतरताना तर उतारच. म्हातारा बंबावरून घरी जाईल. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरंही आलं. आपण एक हिसका दिला तर तो विश्वास ठेवेल. शंका घेणार नाही, कारण दोरीवर त्याने कधी शंका घेतलेली नाही. आणि आपण वर जाऊन कोसळलो तर त्या कुरकुरत्या गुडघ्यांनी तो आपल्याला एकटा उचलायला लागेल, आणि जमलं नाही तरी सोडणार नाही. आज धूर खोटा आहे म्हणून ठीक. ज्या हाताने आज खोटा हिसका देऊ, तोच हात पुढे खऱ्या आगीत त्याच्या दोरीला असेल.

घरातून निघताना जितका निश्चय लागला होता त्याच्या दुप्पट आता लागला. तिने दोरी दोनदा ओढली.

दोरी तत्काळ खालच्या बाजूला ताणली गेली. म्हणजे तो वळला होता. क्षणभरही थांबला नाही. एका मजल्यावर त्याची सगळी नोकरी ठेवलेली असताना तो वळला आणि उतरायला लागला. मास्कच्या आत भिंगरीला रडू आलं.

बाहेर साहेब उभे होते. "जावईबापू कुठे आहेत?"

"वरच," कासव मास्क काढत म्हणाला.

"मागे कोण फिरलं?"

"जोडी फिरली."

"नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे, साहेब. नव्यांना मीच शिकवतो."

भिंगरी पायरीवर बसली होती. कासवाने तिचे हातमोजे काढले, तेव्हा त्याला चटका बसल्यासारखं झालं. गोळीचा अंमल संपला होता. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि त्या गुडघ्यांना उकिडवं बसायला किती वेळ लागतो हे भिंगरीला ठाऊक होतं.

"सकाळी मी काय विचारलं होतं?"

"बरी आहेस का."

"आणि तू?"

"ठणठणीत म्हणाले." तिला धाप लागली होती. "तुमच्यासाठी, दादा. आज मी नसते तर तुम्ही..."

"माझ्यासाठी," कासव म्हणाला. तो चिडला की आवाज चढवत नसे, उलट खाली आणत असे. "मग नीट ऐक. आत तू पडली असतीस तर मी तुला टाकून आलो नसतो. खरी आग असती तर दोघं गेलो असतो. माझ्यासाठी म्हणे. मला न विचारता माझा जीव पणाला लावलास."

तिला दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा तोच पुढे बसला, आणि वाटेत तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

डॉक्टरांनी तपासलं, काढता येतील तेवढे आलेख काढले आणि सांगितलं की छातीतल्या दुखण्याची सूज हृदयापर्यंत गेली आहे. आणखी रेटून चढल्या असतात तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. विश्रांती घेतली तर पूर्ण बरं वाटेल. पण विश्रांती म्हणजे विश्रांती. जिना नाही, पळणं नाही, वजन नाही, मी सांगेपर्यंत.

भिंगरीच्या आयुष्यातली ती सगळ्यात अवघड कवायत ठरली. पाय शिवशिवायचे. आठवड्याभरात बरं वाटायला लागलं आणि तेव्हा तर फारच अवघड गेलं, कारण आजारी माणसाला झोपवणं सोपं, बरं वाटणाऱ्याला कठीण. पण तिने ठरवलं होतं. ज्या हट्टाने मनोरा चढली त्याच हट्टाने ती अंथरुणाला चिकटून राहिली. नवऱ्याने मशीन तिच्या खोलीत आणून ठेवलं. सासूबाई दारातून डोकावून बघत.

"उठली नाहीस?" एकदा त्यांनी विचारलं.

"डॉक्टरांनी नाही म्हटलंय."

"ऐकतेस?" सासूबाई म्हणाल्या, आणि खरोखर काळजीत पडल्यासारख्या त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

कामावर परतली तेव्हा बंब तिला अजून बंद होता. तिला भांडारात बसवलं, कासवाच्या शेजारी. तो गमबूट पुसत होता. त्याने तिला एक फडकं दिलं. दिवस तसे चांगले गेले. तो पूर्वीसारखा बोलू लागला, फक्त चाचणीचा विषय दोघांनीही काढला नाही.

कासवाच्या निवृत्तीच्या आठवड्यात एका दुपारी भोंगा वाजला. दोघंही बूट टाकून धावली. अंगणाच्या मध्यापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बंबावर आपल्याला जागा नाही, आणि थांबली. बंब सुरू झालेला, माणसं चढत होती, आणि फाटक बंदच होतं. मग फाटकाचं एक दार त्याने उघडलं, दुसरं तिने. बंब त्यांच्यामधून गेला आणि वळणावर दिसेनासा झाला.

कासव रस्त्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने लपवले नाहीत.

"दादा, राग आहे माझा?"

"त्या सकाळच्या खोट्याचा आहे. थोडा राहीलच."

"आणि मागे फिरवलं त्याचा?"

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मी रोज इथून हा बंब जाताना बघतो आणि रोज वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण तुला चौघांच्या खांद्यावर जाताना बघण्यापेक्षा हे बरं. चल, दार ओढ."

तिने दार ओढलं.