डुकरं कुणी धुतली?

मित्रांनो, सगळ्यात आधी रंजिताच्या पदरात काय पडणार होतं ते सांगतो. संध्याकाळची शेवटची मीटिंग संपल्यापासून भाकरीचं पीठ परातीत पडेपर्यंतचा वेळ. बस्स, एवढीच मिळकत. त्या वेळात तिला कुणी हाक मारणार नव्हतं, की तिच्याकडून कुणी काही मागणार नव्हतं. डुकरांखेरीज.

हे मी खात्रीनं सांगतो, कारण मी तिच्या मोबाइलवरचा जुना स्क्रीनगार्ड आहे. माझ्या खाली डुकरं होती आणि वर तिचा चेहरा. मधे मी.

माझा जन्म कारखान्यातला. काचेच्या मोठ्या तावातून मला कापलं, कडा घासल्या, भट्टीत तापवून कणखर केलं. अंगावर पाण्याचा थेंबही टिकू नये असा लेप दिला. काय स्वच्छ होतो मी! बंगळूरात, बेळ्ळंदूरच्या एका दुकानात मला रंजिताच्या फोनवर बसवलं. दुकानदारानं बोटानं मधून कडेकडे दाबत हवा काढली आणि अभिमानानं म्हणाला, "सरी मॅडम, बबल इल्ला. एक पण नाय." रंजितानं मला उजेडात तिरकं धरलं. "छान बसलाय की!" आयुष्यातली माझी पहिली आणि शेवटची शाबासकी ती. त्यानंतर आली बोटं.

शी! मित्रांनो, माणसाचं बोट लांबूनच बरं दिसतं. जवळून त्याला फोडणीचा वास येतो, कानातला मळ येतो, कधी कधी नाकातलंही काही येतं. आणि ते सगळं पुसायला माणसाला माझ्याइतकी चांगली जागा सापडत नाही.

रंजिता त्यातल्या त्यात बरी. ती मूळची निपाणीची, घरूनच एका कंपनीची नोकरी करायची. दिवसभर लॅपटॉपसमोर "येस, शुअर, टुडे इटसेल्फ" म्हणत बसायची. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की स्वयंपाकघरामागच्या युटिलिटीत, वॉशिंग मशीनशेजारच्या बुटक्या स्टुलावर येऊन बसायची. दुपट्ट्यानं मला पुसायची आणि डुकरांचा खेळ उघडायची.

खेळ अगदी बावळट. एका आवारात चिखलानं बरबटलेली गुलाबी डुकरं उभी असतात. त्यांना अंगठ्यानं घासायचं. फेस येतो, डुक्कर डोळे मिटून घुर्र करतं आणि चकाचक होतं. जिंकायचं नाही, हरायचं नाही. सगळी धुऊन झाली की त्या दिवसाचा खेळ संपला. नवा चिखल दुसऱ्या दिवशी सकाळी. मला पहिल्यांदा किळसच आली. मी भट्टीतून निघालो तो डुकरांवर पांघरूण व्हायला? पण वर पाहिलं, तर रंजिताचे खांदे हळूहळू खाली आले होते. कपाळावरची आठी गेली होती. मग मी गप्प बसलो.

तिचे सासरे अप्पासाहेब गप्प बसले नाहीत. ते चिक्कोडीकडच्या एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर.

"काय गं हे? डुकरं धुतीस?"

"डोकं शांत होतंय मामा." सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"आमच्या गावात डुक्कर दिसलं तर माणूस रस्ता बदलत होता. डोकं शांत व्हायला प्राणायाम कर. शी शी शी!"

तिचा नवरा महांतेश हसला. "अप्पा, असू दे. तिला तिच्या लेव्हलचं मिळालंय."

हे ऐकून तुम्हाला वाटेल, ही दोन माणसं डुकरांपासून चार हात लांब राहिली असतील. मलाही तसंच वाटलं होतं.

दुपारी फोन हॉलमधे चार्जिंगला असायचा. अप्पासाहेब भडंगाची वाटी घेऊन शेजारी बसायचे. एक दिवस त्यांनी दाराकडे बघितलं, रंजिताच्या खोलीकडे बघितलं आणि खेळ उघडला. मित्रांनो, पुढचं सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. हेडमास्तरांना वहीचं पान उलटताना बोट जिभेला लावायची आयुष्यभराची सवय. डुक्कर पुसतानाही ते अंगठा आधी जिभेवर फिरवायचे. भडंगाचं तेल, हळद, लसूण आणि थुंकी! माझ्या त्या लेपाचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

महांतेशची तऱ्हा वेगळी. त्याच्या फोनवर ऑफिसची ॲप्स, तिथं डुकरं शोभणार नाहीत. म्हणून सकाळी तो बायकोचा फोन घेऊन जायचा. कुठं? जिथं दार आतून लावतात तिथं. याहून जास्त मी सांगणार नाही.

थोडी डुकरं सकाळी मुलगा धुवायचा, उरलेली दुपारी बाप. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. आणि संध्याकाळी रंजिता स्टुलावर येऊन बसायची, तर सगळी डुकरं आरशासारखी लखलखीत. अंगठा फिरवायला चिखलाचा एक ठिपका नाही. ती नुसती बघत राहायची. खांदे होते तिथंच राहायचे. मग उठून पीठ मळायला घ्यायची.

"खेळ बिघडलाय वाटतं," ती जेवताना म्हणाली.

"आम्हाला काय ठाऊक," अप्पासाहेब आमटी भुरकत म्हणाले. "डुकरांच्या वाटेला आम्ही जात नाही."

एका संध्याकाळी कंपनीतल्या कुणीतरी तिला फार बोललं होतं. डोळे लाल करून ती युटिलिटीत आली. फोन उघडला. चकाचक. या वेळी तिनं मला उजेडात तिरकं धरलं. माझ्यावर पिवळा, तेलकट, वाळलेल्या थुंकीचा अंगठा उमटला होता. तिनं वास घेतला.

"मामा, हे भडंग कुणाचं?"

अप्पासाहेब स्वयंपाकघराच्या दारात आले. मागोमाग महांतेशही, आत्ताच ऑफिसातून आलेला.

"अप्पा, तुम्ही पण?" तो म्हणाला आणि जीभ चावली.

"पण म्हणजे?" रंजितानं विचारलं. "अहो, तुम्ही सुद्धा?"

"स्वल्प टेन्शन असतं गं सकाळी. दोन-चार धुतो. त्यात काय!"

अप्पासाहेबांनी मात्र मान ताठ केली. "हे बघ रंजिता, आम्हाला घाण दिसली, आम्ही साफ केली. तू दमून येतीस. म्हटलं, तेवढंच तुझं काम हलकं. उपकार राहिले बाजूला, वर जाब?"

रंजिताच्या मागे सिंकमधे सकाळपासूनची भांडी होती. कढईला आमटी वाळून चिकटली होती. त्या घरात पुरुषांनी तिचं म्हणून जे काही धुतलं होतं, ती फक्त डुकरं.

"धुवायची एवढी हौस आहे, तर इकडं या की," ती सिंककडे बोट दाखवून म्हणाली. "इथं चिखल रोज भरतो. दिवसातनं दोनदा."

"भारी बोललीस हां!" महांतेश खदखदून हसला. अप्पासाहेबही हसले. तो विनोद आहे असं दोघांनी ठरवून टाकलं. "आण इकडं, बघू तरी काही उरलंय का," म्हणत महांतेशनं फोन ओढला, तिनं सोडला नाही, आणि मी तोंडावर फरशीवर आपटलो.

तडकन् तडा गेला. माझ्या खालची काच मात्र वाचली. तेवढ्यासाठीच तर मी होतो.

"डुकरं आहेत ना?" बाप-लेक एकदमच म्हणाले.

डुकरं होती. दोघं हॉलमधे गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पासाहेब हॉलमधून ओरडले, "रंजिता, तुझ्यासाठी एक ठेवलंय हां! सगळं नाही, पण कान ठेवलाय!"

ती स्टुलावर बसली. खरंच, कोपऱ्यातल्या एका डुकराचा एक कान चिखलानं माखला होता. ती त्याच्यावरून अंगठा फिरवू लागली, हळूहळू, पुरवून पुरवून. माझ्या तड्याची कड वर आली होती. कान स्वच्छ झाला आणि तिचा अंगठा कापला. डुकरानं डोळे मिटून घुर्र केलं.

तिनं अंगठा तोंडात धरला, दुसऱ्या हातानं खेळ काढून टाकला. मग नखानं मला सोलून काढलं. तसंच फेकलं नाही. कचरा वेगळा करणाऱ्या बाईचा हात कापेल, म्हणून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलं आणि पेनानं 'काच' असं लिहिलं. इतकी वर्षं माझ्यावर बोटं पडली, पण कुणा परक्या बोटाची काळजी केलेली मी तिथं पहिल्यांदा पाहिली.

मित्रांनो, मी आता सिंकखालच्या सुक्या कचऱ्यात आहे. तुम्हाला एकच विनवतो. घरातलं दमलेलं माणूस कशात तरी रमलं असेल, मग ते कितीही बावळट असो, तर त्याला हात लावू नका. आणि मदत करायचीच असेल, तर आधी विचारा, धुवायचं काय आहे.

आता हिशेबाचा ताळा. अप्पासाहेबांना दुपारी छान झोप लागू लागली होती. महांतेश शीळ घालत ऑफिसला जात होता. डुकरं शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. रंजितानं तिची संध्याकाळ दिली, अंगठा दिला, आणि त्या संध्याकाळची भांडीही तिनंच घासली, साबण जखमेत जात असताना.