हातांचे पुस्तक

"त्याला सांग गो, हात हलवू नको. चित्र काढायचं कसं?" ड्रॉइंग मास्तर वैतागले.

मालन हसली. "मास्तर, हात नाय हलवलान तर तो बोलंल कसा? तुमी जीभ न हलवता बोला बगू!"

वाचनालयाचे ग्रंथपाल श्रीपतराव खो खो हसले आणि त्यांनी घसरलेला चष्मा वर सरकवला. धाकूने लगेच आपल्या नाकावरचा नसलेला चष्मा दोन बोटांनी वर सरकवला.

"ह्यां तुमचां नाव," मालन म्हणाली. "त्यानां ठेवलान."

"मलाही नाव आहे तर! मास्तर, हेसुद्धा काढा."

एकतीस सालची ही गोष्ट. धाकू मालनचा थोरला भाऊ, पूर्णगडचा खारवी, जन्माचा बहिरा. गावात त्याचे कधी अडले नव्हते. दर्यावर वाऱ्यापुढे कुणाचा आवाज चालतो? एका होडीवरून दुसरीला सगळे हातांनीच बोलायचे: जाळे ओढ, मागे फिर, मासळी पलीकडे आहे. मग आईबाप गेले, होडी विकली गेली आणि ही भावंडे रत्नागिरीला मामाकडे आली. धाकू वाचनालयात झाडलोट करू लागला. शहरातले शहाणे लोक त्याच्याशी ओरडून बोलत, जसा काही तो लांब उभा आहे. हातांनी बोलणारी एकटी मालन, आणि तिचे लग्न तर हर्णैला ठरलेले. तुळशीचे लग्न लागले की ती जाणार होती. मागे धाकूशी बोलणार कोण, या काळजीने तिला घास गोड लागत नव्हता.

श्रीपतरावांनीच तोड सुचवली होती. "धाकूची बोली पुस्तकात घालू. इथे कपाटात ठेवू. येणारा-जाणारा शिकेल. तू निर्धास्त सासरी जा."

म्हणून मालनने हातचे काही राखले नाही. होडीवरच्या खुणा दिल्या, घरातल्या दिल्या. आईची खूणसुद्धा दिली. नाकपुडीशी चिमूट धरायची, कारण तिथे आईची नथ असे.

दसऱ्यानंतर पुस्तक छापून आले. धाकूला आभाळ ठेंगणे झाले. वाचायला येईल त्याला तो पुस्तक उघडून दाखवी, चित्राशेजारी आपला हात धरी आणि छातीवर थाप मारी. मालन चौथीपर्यंत शिकली होती. तिने चित्रांखालचा मजकूर बोट ठेवून वाचला.

'मुक्या मुलांत हे चाळे आढळतात. ते वेळीच मोडावेत. मूल न ऐकेल तर त्याचे हात बांधून ठेवावेत.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक घेऊन ती श्रीपतरावांपुढे उभी राहिली.

"ह्यां काय लिवलाव?"

"अगो, जाणत्या माणसांचं मत आहे ते. हात बंद केल्याशिवाय मुलं तोंडानं बोलायला शिकत नाहीत."

"तुमाला पयल्यापासून ठावं व्हतां?"

श्रीपतराव खिडकीबाहेर पाहू लागले. "काय मोडायचं ते आईबापांना दाखवायला चित्रं हवी होती. खरं सांगितलं असतं, तर दिली असतीस?" मग समजुतीने म्हणाले, "आणि त्याला वाचता कुठे येतं? खूश आहे, राहू दे की."

केसाने गळा कापला होता. पण मालन धाकूला ते सांगू शकली नाही. त्याचा हसरा चेहरा पाहिला की तिचे हात उठतच नसत.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती त्याचा डबा घेऊन वाचनालयात आली. तेवढ्यात कचेरीतले एक कारकून आपल्या लहान मुलीला घेऊन आत शिरले. मुलगी मुकी होती. तिचे दोन्ही हात पोटाशी, एकावर एक, फडक्याने बांधले होते. धाकू पुढे झाला आणि त्याने फडक्याची गाठ सोडायला घेतली. कारकुनांनी त्याचा हात झटकला. मेजावरचे पुस्तक उघडले, आईच्या खुणेवर बोट आपटले, ते बोट 'नाही, नाही' असे हलवले आणि फडके दाखवले.

धाकू चित्राकडे पाहत राहिला. मग मालनकडे वळला. तिच्याकडे बोट केले, दोन बोटे डोळ्यांपासून पानापर्यंत नेली.

तू वाचले होतेस?

मालनने होकाराची मान हलवली. धाकूने पुस्तक मिटले, बाहीने पुसले आणि रोजच्यासारखे कपाटात जागेवर ठेवले.

तुळशीचे लग्न झाले, पाठोपाठ मालनचेही. मांडवी बंदरातून वऱ्हाडाचा मचवा सुटला तेव्हा पोचवायला आलेल्या सगळ्यांनी हात वर केले. मालन उभी राहिली. तिने छातीला हात लावला आणि तो किनाऱ्याकडे नेला. मी येईन.

किनाऱ्यावर धाकू तिच्याकडेच पाहत होता. त्याचे दोन्ही हात पोटाशी होते, एकावर एक. तिने पुन्हा खूण केली. मग नाकपुडीशी चिमूट धरली आणि आईची शपथ घातली.

किनारा दिसेनासा होईपर्यंत त्याने ते हात सोडले नाहीत.