कोरफडीवरचं मेण

थोरल्या सुनेनं सफरचंदावर नख ओढलं आणि नखात पांढरा थर आला. मेण. तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

सासऱ्यांच्या शीतगृहातली एक खोली तिनं हट्टानं मागून घेतली होती. तिथे रासायनिक पावडरीला थारा नव्हता. कोरफडीचा गर गाळायचा, त्यात लवंगतेलाचे थेंब टाकायचे, सफरचंदं बुडवायची आणि जाळीवर पंख्याखाली वाळवायची. वरून काहीही लावायचं नाही. फळ साठवणीतही श्वास घेतं, हे ती घरात इतक्यांदा सांगायची, की दीर चिडवायचा, "वहिनी, झोपताना त्यांना पांघरूण घालता का?" चिडवेना का बापडा. तिच्या शब्दावर आसपासच्या बागवाल्यांनी आपली फळं त्या खोलीत ठेवली होती.

आणि आता पेटी उघडली, की आंबूस वास. फळ बाहेरून आरशासारखं, आत तपकिरी. बागवाले आवारात खोळंबले होते आणि ऑफिसात सासरे म्हणत होते, की पाल्यानं कुठं फळ टिकतं, पुढच्या हंगामात मुकाट्यानं पावडर मारू.

तिनं ऑफिसात जाऊन ते नख त्यांच्यापुढे धरलं आणि विक्री बघणाऱ्या दिराकडे पाहिलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. दुकानदारांना चकाकी लागते, तिची फळं निस्तेज दिसत होती, म्हणून वरून मेणाचा हात फिरवला, त्यात काय एवढं, असं तो म्हणाला. म्हणे काय एवढं! आधीच कोरफडीचा पापुद्रा, त्यावर मेण. फळाचं नाक-तोंड दाबून जीव घेतला आणि खापर मात्र कोरफडीवर. चोर तो चोर, वर शिरजोर.

"आणि मी दादाला विचारलं होतं," दीर म्हणाला.

तिचा नवरा खिडकीशी उभा होता. दिराचा मूर्खपणा तिनं गिळलाही असता. पण गर आंबला की काय, या धास्तीनं ती पिंपं घासत होती, आपलीच चूक शोधत होती, तेव्हा हाच माणूस शेजारी चाळण धरून उभा होता. आणि त्याला ठाऊक होतं.

"घरात वाद नको म्हणून बोललो नाही," तो पुटपुटला.

सासऱ्यांनी घसा साफ केला. झालं ते झालं, बागवाल्यांना कोरफडीचं औषधच बिघडलं म्हणून सांगू, धाकट्याचं नाव खराब व्हायला नको, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. "तुझं काय," ते सुनेला म्हणाले, "तुला कुठं बाजारात उभं राहायचंय?"

तिची कानशिलं तापली. ती नवऱ्याकडे वळली.

"बाहेर चला. तुम्ही सांगा त्यांना."

त्यानं वडिलांकडे पाहिलं.

मग तिनं सुरी घेतली, पेटी उचलली आणि एकटीच आवारात गेली. एक फळ चिरून तिनं बागवाल्यांच्या हातात दिलं. कोरफडीत खोट नव्हती, दिरानं वरून मेण लावलं, हे सरळ सांगितलं. तोवर ऑफिसातली मंडळी दारात येऊन उभी राहिली होती.

"आणि माझ्या नवऱ्याला ते ठाऊक होतं," ती आवाज न चढवता म्हणाली, आणि दुसरं फळ चिरायला घेतलं.