कोपराला गूळ

आधीच सांगून ठेवतो, मी बाई हाय. संयोगिता माझं नाव, ऱ्हायला उचगावात. आमच्या कोल्हापुरात बायकाबी 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात, तवा पुढं घोटाळा नको. काम माझं केबल जॉइंटरचं. लोकांना वाटतंय लाइट फक्त खांबावरनं येती. राजारामपुरीतल्या गल्ल्यांत ती जमिनीखालनं येती, अकरा हजार व्होल्टची, दंडाएवढ्या जाड केबलीतनं. ती केबल रस्त्याकडच्या लोखंडी पेटीत शिरती, आणि तिथं तिच्या तिन्ही तारांना शेवटचं तोंड बसवावं लागतंय. जाड काळ्या रबराचं, काटकोनात वळलेलं. इंग्रजीत एल्बो, आमच्यात कोपर. एका केबलीला तीन कोपरं: लाल, पिवळं आणि निळं.

कोपर बसवायच्या आधी आतनं एक चिकट मलम लावायचं असतंय. त्यानं रबर नीट सरकतंय आणि आत हवेला जागा ऱ्हात न्हाय. हवा ऱ्हायली की वीज तिथं कुरतडत बसती, आणि चार-सहा महिन्यांनी कवातरी भर रस्त्यात पेटी फुटती. दर कोपराच्या खोक्यात त्या मलमाची एक पुडी येती. त्या पुडीला आमचे भरमाप्पा मामा 'गूळ' म्हणतात.

भरमाप्पा मामा नेसरीचे. एकतीस वर्षं केबली जोडल्यात त्यांनी. बायकोशी, म्हंजे दानम्मा मामींशी, फोनवर कानडीत बोलतात, आमच्यावर मराठीत ओरडतात. मला 'तंगी' म्हणतात, कानडीत धाकटी बहीण. आणि दर कोपराला त्यांचा एकच सवाल, "तंगी, गूळ लावलास?" सहा वर्षं ऐकतोय मी हे. डोकं फिरायचं माझं. "व्हय मामा, लावला की!" असं वरडूनच सांगायचो.

दुसरा गूळ आमच्या कंत्राटदाराचा, उदयसिंह साहेबांचा. काम झालं की केबलीला एक ॲल्युमिनियमची पट्टी बांधतात, तिच्यावर जॉइंटरचं नाव ठोकलेलं असतंय. उद्या काय बिघडलं तर कुणाचा हात होता ते कळावं म्हणून. सहा वर्षं हात माझा आणि नाव मामांचं. साहेब दर वेळी म्हणायचे, "पुढच्या कामाला तुझी पट्टी, नक्की." ह्यालाच कोपराला गूळ लावणं म्हणतात. दिसतोय, वास येतोय, पण जीभ किती ताणा, पोचायची न्हाय.

म्हणून त्या दिवशी सकाळी साहेबांनी खिशातनं पट्टी काढली तवा मला खरंच वाटंना. 'संयोगिता' असं ठोकलेलं. बोट फिरवून बघितलं मी.

"पाचच्या आत लाइन चालू झाली तर ही लावायची," साहेब म्हणाले. "वरच्या साहेबांना सांगितलंय मी, आमची बाई वेळेत काम करती. वेळ चुकली तर मामांची पट्टी गाडीत हायच."

मामांचं ते शेवटचं काम. शनिवारी रिटायर होणार होते.

पेटी होती एका बाळंतिणींच्या दवाखान्याच्या फाटकाला चिकटून. सकाळपासनं लाइन बंद, जनरेटरवर फक्त ऑपरेशनची खोली चाललेली. एप्रिलचं ऊन. वॉर्डातल्या बाया फाटकाच्या सावलीत येऊन बसलेल्या. त्यात एक चिमणाबाई, लेकीचं तीन दिवसांचं बाळ मांडीवर घेऊन कॅलेंडरच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती. तिनं मला तीनदा विचारलं, "बाई, कवा यायची ओ लाइट?" मी तीनदा सांगितलं, "चारला येती, आज्जी."

लाल कोपर मी केलं. पिवळं मी केलं. पिवळ्याच्या टायमाला आईचा फोन आला, तो खांद्यात धरूनच मी काम रेटलं. मामांनी विचारलं, "गूळ?" मी म्हटलं, "व्हय की!" मग निळ्याला हात घालणार तेवढ्यात मामांनी माझा हात धरला.

"ह्ये माझ्यासाठी ठेव, तंगी. शेवटचं हाय."

मला गलबलून आलं. म्हटलं, करा. मी टेस्टची वायर आणायला गाडीकडं गेलो. परत आलो तर मामा कोपराला गुडघा लावून ढकलत होते, कपाळाला घाम. "नवं रबर, लई ताठ हाय," म्हणाले. मीबी जोर लावला. कोपर कुरकुरत बसलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याच्या हातातला जोर गेला आता.

टेस्ट झाली. तिन्ही पास. साडेतीन वाजलेले. साहेब खूश, मोबाइलवर कुणालातरी सांगत होते, "चारला लाइन चार्ज करतो बघा." मामा अंगठ्यानं केबलीवरची धूळ पुसत बसलेले. मी पोत्यात कचरा भरायला लागलो. रबराच्या साली, पुसायचे कागद, रिकामी खोकी. आणि पुड्या. एक रिकामी. दुसरी रिकामी.

तिसरी भरलेली. तोंडसुद्धा फाडलेलं न्हाय.

डोक्यात एकदम पिवळं आलं. फोन खांद्यात होता. आई सिलिंडरचं काहीतरी सांगत होती. मी 'व्हय की' म्हटलं, पण ते हातानं लावून म्हटलं का नुसतं तोंडानं? आठवंना. शप्पत सांगतो, काय केल्या आठवंना. सहा वर्षं एकच उत्तर दिलं की ते उत्तर आपोआपच तोंडातनं येतंय, हात काय करतोय ते त्याला ठाऊकच नसतंय.

खरं सांगू? पुडी मी मुठीत दाबली. टेस्ट पास झालीती. पुडी पँटच्या खिशात घातली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पट्टी लागली असती. मी पट्टीकडं बघितलं, पेटीच्या डोक्यावर ठेवलेली. मग फाटकाकडं बघितलं. चिमणाबाईचा पाय पेटीपासनं चार फुटांवर होता. बाळ झोपलेलं, तोंड उघडं टाकून. हे बाळ उद्या घरी जाईल, पण तिथं दुसरं येऊन बसंल की. त्या पेटीला टेकून कायम कोणतरी बाई बसणारच.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "पुडी उरली."

"कसली पुडी?"

"गुळाची. एक कोपर कोरडं हाय. कुठलं ते म्हाईत न्हाय. तिन्ही खोलायला लागतील."

साहेब लालबुंद. "आगं टेस्ट पास झाली की! येडी का खुळी तू?"

"टेस्ट आजची हाय, साहेब. हवा आत कायमची ऱ्हाणार."

"पाच वाजून जातील! मी शब्द दिलाय वर! ही पट्टी दिसती का तुला? दिसती का?" मग त्यांनी खरंच कोपरापासून हात जोडले. "बाई, तुझ्यापुढं हात टेकले मी." आणि पाय आपटत गाडीकडं गेले, फोन कानाला लावून.

मामा म्हणाले, "खोल."

केबलीला परत अर्थिंग दिलं, म्हंजे टेस्टची उरलेली वीज जमिनीत सोडली, हातमोजे घातले. आधी लाल. बोल्ट सोडला, कोपर ओढलं, गपकन सुटून हातात आलं. आत चकचकीत, बोटाला चिकट. बरं. मग पिवळं. पाना दोनदा निसटला. ओढलं. तेबी गपकन आलं. आतनं मलम कसं, लग्नातल्या तुपासारखं वघळत होतं.

"लावलावता की मी!" मी एकटाच हसायला लागलो. "मामा, लावलावता की ओ मी!" एवढं हलकं वाटलं, ताराबाई पार्कापर्यंत पळत जाऊन यावं असं. आणि मग हसायचं थांबलो. कारण आता एकच ऱ्हायलंतं.

मामा निळ्याकडं बघत होते.

निळं येईचना. दोघांनी मिळून ओढलं, पाय पेटीला लावून. कर्रकन आवाज करून निघालं. आत कोरडं ठाक. मामांनी त्यात बोट घातलं, फिरवलं आणि बोट बघितलं. मग मातीच्या ढिगावर बसले. एवढा दांडगा माणूस, एकदम बारका दिसाय लागला.

"एकतीस वर्षं सगळ्यास्नी इचारलं, तंगी," ते म्हणाले. "मला कुनी इचारलंच न्हाय."

माझी मलाच लाज वाटली. आत्ता मिनिटापूर्वी मी हसत होतो, आपलं न्हाय म्हणून. साहेब तेवढ्यात परत आले. "कुठलं निघालं?"

मामा उठले, पँटची माती झाडली आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "निळं. माझं. माझ्या हातचं."

साहेबांचं शिवी द्यायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. लांब जाऊन उभं ऱ्हायले.

मग आम्ही कामाला लागलो. तिन्ही पुसून काढली. लाल आणि पिवळ्याला गाडीतली मलमाची सीलबंद ट्यूब फोडून नवा लेप दिला, बसवली. निळं मामा म्हणाले तू कर. मी म्हटलं, न्हाय, तुमीच गूळ लावा, बसवतो मी. ती न फोडलेली पुडी त्यांच्या हातात दिली. ते लावत होते, मी मुद्दाम दम देऊन विचारलं, "मामा, गूळ लावलासा?"

त्यांनी दोन्ही तळवे वर केले. मनगटापर्यंत चकचकीत. "बघ," म्हणाले, आणि हसले, आणि डोळ्यांतनं पाणी आलं ते पुसायला हात मोकळे न्हवते म्हणून दंडावर नाक घासलं. मी ढकललं तर कोपर लोण्यागत आत गेलं. कुरकुर न्हाय, काय न्हाय.

परत टेस्ट. परत पास. साडेपाच वाजून गेलेते. साहेबांनी सबस्टेशनला फोन केला, तिकडनं लाइन सोडली. पेटीतनं बारीक गुणगुण सुरू झाली. मी श्वास धरून उभा. एक मिनिट. दोन. काय झालं न्हाय, आणि त्या 'काय झालं न्हाय'सारखं गोड मी जन्मात काय ऐकलं न्हाय. वरच्या मजल्यावर पंखे फिरायला लागले, बाया वरडल्या, चिमणाबाई उठता उठता म्हणाली, "आली गं बया! चारची लाइट साडेपाचला आली!" आणि माझ्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली.

साहेब गाडीतनं मामांची पट्टी घेऊन आले. वेळ चुकलीतीच. पण मामांनी ती घेतली आणि स्वतःच्या डब्याच्या पिशवीत टाकली.

"साहेब, ह्या पेटीला माझं नाव लागायचं न्हाय," ते म्हणाले. "मी कोरडं बसवून मोकळा झालतो. तिन्ही तिनं खोलली, तिन्ही तिनं बसवली. तिची पट्टी द्या."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, मग फाटकाकडं बघितलं. चिमणाबाईच्या जागेवर एक नवी पोरगी येऊन बसलीती, भलं मोठं पोट घेऊन, पेटीला पाठ टेकवून. साहेबांनी माझी पट्टी माझ्या हातात दिली. म्हणाले, "बांध. घट्ट बांध." मी बांधली. बांधताना गाठ तीनदा चुकली, डोळ्यांत पाणी होतं.

मामा आता नेसरीत असतात. म्हशीचं बघतात. पण रोज दुपारी फोन येतोच, जेवणाच्या आधी.

"तंगी, गूळ लावलास?"

आता मी 'व्हय की' म्हणत न्हाय. आधी हात बघतो. चिकट असला तरच सांगतो, "लावला, मामा." काल मी उलटं विचारलं, "आणि तुमी? बीपीची गोळी घेतलीसा?"

"व्हय की!" पलीकडनं लगेच आलं. "आधी बघा, मग सांगा," मी म्हटलं. मग डबा उघडल्याचा आवाज आला, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी खडखडल्याचा, आणि लांबनं दानम्मा मामींचं कानडीतलं हसणं.

"थांब गं," मामा म्हणाले, "आजची हितंच हाय की."